रुपरावांच्या चाकाचा आऊट

माझे भाऊजी रुपराव लांजेवार मूर्ख होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याने त्यांच्यात उगाच काही खोल शोधत बसू नये. माझी उमर नागपूरच्या सीताबर्डीवर कापडाच्या दुकानात ठाणं उलगडण्यात गेली. माणूस कापड चिमटीत कसा धरतो त्यावरून तो घेणारा आहे की नुसताच बोटं पुसणारा, हे मला कळतं. मूर्खही मला लांबून ओळखू येतो. गप्प बसणारा मूर्ख परवडतो; घरात एखादी जास्तीची खुंटी असावी तसा तो असतो, कोणाला त्रास नाही. रुपराव बोलके होते. शिवाय त्यांच्याकडे मोटार होती.

त्यांना मी अहो-जाहो करतो आहे ते माझ्या बहिणीच्या, प्रेमिलाच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहून. तो मान नात्याला आहे, माणसाला नाही.

रुपराव मूळचे उमरेडकडच्या शेतकरी घरातले. त्यांचे वडील गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, विश्वासातले. मालगुजारी गेली तेव्हा मालगुजार गाव सोडून गेला आणि जाताना आपली जुनी, कापडी टपाची मोटार रुपरावांच्या वडिलांना बक्षीस देऊन गेला. बक्षीस कसलं, ओढून न्यायचा कंटाळा आला म्हणून टाकून गेला. गाडी गोठ्यात उभी राहिली आणि तिच्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुढे वडील वारले, भावाभावांत वाटणी झाली. मोठे भाऊ चंद्रभानजी चांगला माणूस. ते म्हणाले, "ओढ्याकाठचं वावर तू घे गा रुपराव, पाण्याचं आहे." रुपरावांनी मोटार मागितली. पंचांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. रुपरावांनी पुन्हा मोटारच मागितली. त्या वावरात पुढे चंद्रभानजींनी संत्री लावली आणि दर बहाराला एक टोपली भावाकडे पाठवली. रुपराव ती संत्री गाडीत बसून खात.

गाडी कोणत्या कंपनीची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नावाची पट्टी गोठ्यातच कुठे तरी शेणात गेली असणार. रुपराव समोरचा माणूस पाहून कंपनी ठरवत. मास्तर असला तर गाडी इंग्लंडची, व्यापारी असला तर अमेरिकेची, आणि एकदा एका पाद्र्याला त्यांनी ती जर्मनीची आहे असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. चाकं मात्र वेगळी होती. मोटारीला लाकडी आऱ्यांची चाकं असत त्या काळातली ती गाडी. बैलगाडीसारखे जाड आरे, त्यांच्यावरून लोखंडी रिम आणि रिमेवर रबरी टायर.

रुपराव एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदावर शिक्का मारून तो पुढच्या टेबलावर ढकलायचा, एवढंच काम. सक्करदऱ्याला भाड्याचं घर, पुढे अंगण, अंगणाच्या एका कोपऱ्यात पाण्याचा हौद आणि उरलेल्या सगळ्या अंगणात गाडी. प्रेमिला धुणं वाळत घालायची ती शेजारणीच्या अंगणात. सांजच्याला कचेरीतून आले की रुपराव गाडीत जाऊन बसत आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवत. रस्त्यावरून जाणारा कोणी हसला की त्याला नमस्कार करत. आपल्याला कोणी हसू शकतं हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

गाडी चालायची, नाही असं नाही. दसऱ्याला पूजा झाली की व्हरायटी चौकापर्यंत जाऊन यायची. एकदा पारडी नाक्यापर्यंत गेली आणि तिथून बैलांनी ओढून आणली. जरा वेग घेतला की पुढची चाकं डोलायला लागत, स्टिअरिंग हातात थरथरे आणि गाडी पिऊन आलेल्या माणसासारखी दोन्ही बाजूंची खबर घेत चाले. चाक सरळ न फिरता असं झोल खाऊन फिरतं त्याला मेकॅनिक लोक 'आऊट' म्हणतात. हा शब्द रुपरावांच्या कानावर पडला आणि त्यांच्या रविवारांना धंदा मिळाला.

दर रविवारी अंगणात तमाशा चाले. गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचलायचं, खाली लाकडी ठोकळे लावायचे. मग धोतराचा काचा मारून रुपराव खाली बसत आणि मी जेवायला आलेला असलो तर मलाही बसवत.

"हे पाहाय मनोहर," ते सांगत, "आंदी चाक वरून-खालून धरून हालवाचं. खडखड झालं तं समजजो बेरिंग ढिली आहे. आता हे पाहाय, ठनठनीत."

मग ते एका विटेच्या भेगेत लांब खिळा बसवत आणि खिळ्याचं टोक रिमेच्या कडेजवळ आणत, चिकटेल न चिकटेल असं. टोकाला डबीतला चुना लावत. चाक हाताने गरकन फिरवलं की जिथे रिम बाहेर आलेली असेल तिथे ती खिळ्याला लागे, टिक आवाज होई आणि रिमेवर चुन्याचा ठिपका उठे. तोच आऊट. आधी रिम, मग तसंच टायर, कारण रिमच वाकडी असेल तर टायरला दोष देऊन काय उपयोग. हे सगळं खरं होतं, मी नाकारत नाही. कुठल्या तरी मेकॅनिककडून ऐकलेलं होतं आणि बरोबर होतं. पण आऊट सापडल्यावर करायचं काय, ते रुपरावांनी त्या मेकॅनिकला विचारलंच नव्हतं. ते ठिपका पाहत, मान हलवत, आतून चहा मागवत, आणि पुढच्या रविवारी तोच आऊट पुन्हा शोधत. आलेल्या कागदावर शिक्का मारून तो पुढे ढकलायचा, तेच काम घरीही चाललं होतं.

हे असंच चाललं असतं आणि मी हसून सोडून दिलं असतं. पण चौऱ्याहत्तर साली त्यांच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न ठरलं.

सुमती एकुलती एक. बापाचं नाक आणि आईची समज घेऊन आलेली, हे तिचं नशीब. उलटं झालं असतं तर काय, हा विचारही नको. मुलगा मौद्याचा, विश्वनाथ नावाचा, शाळेत मास्तर. सरळ, कमी बोलणारा. त्याचे वडील बापूजी आणि आई यमुताई खाऊन-पिऊन सुखी शेतकरी. लग्न नागपूरला आमच्या दारात आणि मग पाठवणी मौद्याला. विश्वनाथच्या मामाची जीप नवरा-नवरीसाठी ठरली होती, वऱ्हाडासाठी बस होती. रुपरावांनी सुपारी फुटल्याबरोबर जाहीर केलं की सुमती सासरी त्यांच्या मोटारीतून जाईल आणि गाडी ते स्वतः चालवतील.

प्रेमिला कपाळाला हात लावून म्हणाली, "लेकीच्या मागं बाप सासरी जाते का कधी? आपल्यात हाये का हे रीत?"

"मी बाप म्हनून नाही जाऊन राहिलो, ड्रायव्हर म्हनून जाऊन राहिलो," रुपराव म्हणाले, आणि आपण फार हुशार उत्तर दिलं म्हणून माझ्याकडे पाहून हसले.

त्याच दिवशी सुमतीने मला मागच्या दारी गाठलं. ती रडत नव्हती. रडणाऱ्या मुलीची समजूत काढता येते. ही नीट शब्द जुळवून आली होती.

"मामा, शाळेत मले पोट्ट्या 'खटाऱ्याची' म्हनत. मोहल्ल्यात अजून म्हनतात. मी कोनाले कधी काही बोलली नाही, बाबाले तं नाहीच. पन सासरी मले कोनी वळखत नाही. तिथी मले नुसती सुमती राहू द्या. ते गाडी माह्या सासरच्या दारात जाऊ देऊ नका, एवढं करा."

पोरीने जन्मात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी तसाच अंगणात गेलो.

"भाऊजी, जीप ठरली आहे. तुम्ही काहून तरास घेता?"

"माह्या दारात मोटार असतानी माही पोरगी दुसऱ्याच्या जीपात जाईन? लोक थुंकतीन माह्या तोंडावर."

"लोक आताच काय करून राहिले ते पाहा न! गाडी पारडीच्या पुढं जात नाही तुमची. चाकाचा आऊट तुम्हीच दर रविवारी दाखवता. त्या चाकांवर पोरीले बसवता?"

हे मात्र लागलं. रुपरावांना गाडीवरून बोललेलं लागत नसे, पण त्यांच्या तपासणीतूनच मुद्दा काढला होता. ते उठले, देवघरापुढे गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चाकं तपासू. आऊट निघाला तं गाडी नाही नेनार. देवाची आन."

मला आनंद झाला. आऊट निघणार हे अंगणातल्या हौदालाही ठाऊक होतं.

तपासणी झाली. वैशाख लागलेला, नागपूरचं ऊन भट्टीतल्यासारखं, आणि गाडी उन्हातच उभी. लाकूड वाळून आक्रसलेलं. रुपरावांनी वीट मांडली, खिळा लावला आणि चाक फिरवलं. टिक, टिक, टिक, आणि एका जागी तर कर्र करून रिमेने खिळाच विटेतून पाडला. आरा अंगठ्याने दाबला तर आपल्या खोबणीत हलत होता. दुसरं चाक त्याहून वाईट. दारात उभ्या सुमतीच्या तोंडावर हसू आलं, आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा ती त्या दिवशी पोटभर जेवली.

रुपरावांनी चाकाचे सगळे आरे एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिले. मला वाटलं, संपलं. आणि मग ते एकदम म्हणाले, "आऊट नाही गा हा. चाक तहानलं आहे."

हे बोलणं शहरातल्या माणसाला कळणार नाही. खेड्यात उन्हाळ्यात बैलगाडीचं लाकूड वाळतं, चाक खुळखुळं होतं, वरची लोखंडी धाव सुटायला येते. तेव्हा शेतकरी चाक काढून ओढ्यात घालतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, सगळे सांधे आवळून बसतात. आमच्याकडे बारकं पोरही हे जाणतं. पण तेच पोर हेही जाणतं की ती फुगवट दोन दिवसांची. गाडी रोज ओढ्यातून जाते, रोज थोडं पाणी पिते आणि बैलाच्या पावलाने चालते, म्हणून निभतं. रुपरावांना शेतकऱ्याचं शहाणपण अर्धंच आठवलं. अर्धं ते कचेरीत ढकलून आले असावेत.

त्यांनी चारही चाकं काढली, टायर उतरवले आणि चाकं हौदात टाकली. लग्नघराच्या हौदात, वैशाखात! नळाला सकाळी करंगळीएवढी धार यायची आणि प्रेमिला बायकांशी भांडून घागरी भरायची. त्या घागरी हौदात जात, आणि हौदाच्या तळाशी डबक्यात म्हशी बसाव्या तशी चाकं बसलेली. उमरेडकडचे पाहुणे तोंड धुवायला हौदावर जात आणि लोखंडाच्या गंजाचं पाणी चूळ भरून थुंकत. प्रेमिला म्हणाली, "हे लग्नघर आहे का गाडीखाना?" रुपराव म्हणाले, "पानी वाया नाही जाऊन राहिलं, चाकं पिऊन राहिली." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे घड्यातलंही गेलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी चाकं बाहेर निघाली, पुसली गेली, टायर चढले. पुन्हा जॅक, पुन्हा वीट, पुन्हा खिळा. सगळं घर बघायला जमलं. सुमती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे होती. तिच्या हिरव्या चुड्याचा आवाज मला येत होता. रुपरावांनी चाक फिरवलं.

आवाज नाही. चाक लोण्यासारखं फिरलं. खिळ्याच्या टोकावरचा चुना जसाच्या तसा. त्यांनी खिळा आणखी जवळ आणला, इतका की मधून कागदही जाणार नाही, आणि पुन्हा फिरवलं. काही नाही. मी पायाच्या अंगठ्याने वीट पुढे सरकवायला गेलो.

"वीट नको सरकवू गा मनोहर," रुपराव चाकावरची नजर न काढता म्हणाले.

पडद्यामागचा चुड्याचा आवाज थांबला आणि पावलं आत गेली. रुपरावांनी आऱ्यांना लाल ऑइलपेंट लावायला घेतला. पोरीने काय मागितलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणेल. ठाऊक करून घ्यायला डोळे उघडे लागतात. बाप होते ना? घरात एकच मूल, आणि त्याचं तोंड कधी उतरतं ते दिसत नाही, पण रिमेचा केसभर झोल दिसतो! मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी तिथून उठून आचाऱ्याजवळ जाऊन बसलो.

लग्न गोरजावर लागलं. अंगणात मांडव, म्हणून गाडी रस्त्यावर उन्हात उभी. दुसऱ्या दिवशी पाठवणी व्हायची, तर पंगतीत वाढप्याने बापूजींच्या मेहुण्याला ओलांडून पुढच्याला जिलेबी वाढली आणि ते रुसले. लग्नात कोणी रुसल्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटत नाही आपल्या लोकांना. त्यांची समजूत काढता काढता तो दिवस गेला. गाडी उन्हातच. रुपरावांनी तिला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि त्या सुकू नयेत म्हणून ते घटकेघटकेला फुलांवर पाणी शिंपडत होते. फुलांवर, चाकांवर नाही. चाकांची परीक्षा झाली होती, ती पास झाली होती, त्यांच्या लेखी तो कागद पुढच्या टेबलावर गेला होता.

पाठवणीच्या सकाळी प्रेमिलाच्या गळ्यात पडून सुमती रडत होती. जमलेल्या बायकांचे डोळे ओले, मीही तोंड फिरवून उभा. अशा वेळी बाप रडतो. हा बाप काळी टोपी घालून स्टिअरिंगमागे बसला होता आणि उशीर होतो म्हणून भोंगा वाजवत होता.

मागे नवरा-नवरी, पुढे रुपरावांच्या बाजूला मी, कारण पाठराखा म्हणून भाचीबरोबर मी जाणार होतो. जीप रुपरावांनी आधीच नको म्हणून कळवली होती, त्यामुळे आमच्या मागे फक्त वऱ्हाडाची बस. पारडी नाका गेला. रुपरावांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे, पाहा. मी पाहिलं नाही. ऊन चढलं, डांबर तापलं, आणि खालून एक बारीक करकर सुरू झाली. नव्या वहाणेसारखी. मग ती वाढली. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"कशाचा आवाज आहे हा?" विश्वनाथने मागून अदबीने विचारलं.

"रस्ता खराब आहे जवाईबापू," रुपराव म्हणाले. "रस्त्यालेच आऊट आहे."

नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हणालो, "भाऊजी, गाडी थांबवा. मागच्या बसमध्ये बसवू यांना."

"थांबाचं कायले? चाकं तपासलेली आहेत."

कन्हान नदी जवळ आली तोवर उजवं चाक असं डोलत होतं की माळेतला झेंडू तुटून तुटून रस्त्यावर पडत होता. पुलाच्या पलीकडे मौदा दिसत होतं. एवढा पूल ओलांडला असता, कसंबसं, रांगत. पण पुलाच्या तोंडाशी रुपरावांनी एकदम स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी बैलगाड्यांच्या उतारावरून नदीत घातली.

"हे काय करून राहिले?" मी ओरडलो.

"चाकाले पानी पाजावं लागन. जरासं प्यालं की मंग दारापोत बिनघोर."

"बाबा, नको," सुमती मागून म्हणाली. "बाबा, लोक पाहून राहिले. थांबवा, मी पाया पडते तुमच्या."

वर पुलावर बस थांबली होती. वऱ्हाड खाली उतरून कठड्याला लागलं होतं, पोरंबाळं, बायका, तो जिलेबीवरून रुसलेला मेहुणा, सगळे. नदीच्या वाळूत धोंडबा नावाच्या माणसाची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी होती. आमच्या चाकांखाली त्याची डांगरं फुटत गेली आणि तो शिव्या देत मागे धावत आला. गाडी उन्हाळ्याच्या उथळ पाण्यात शिरली, वाळूत रुतली, आणि रुपरावांनी ती काढायला स्टिअरिंग जोराने वळवलं. उजव्या चाकाने एक मोठा आवाज केला. लाल आरे एकामागून एक खोबणीतून निसटले, रिम आडवी झाली आणि गाडी पुढच्या एका गुडघ्यावर बसली.

पुलावर हशा पिकला. कोणीतरी वरून ओरडलं, "नदीतली नवरी आली गा!"

सुमतीने दोन्ही हातांनी शालू उचलला आणि ती पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत पाणी. विश्वनाथ दुसऱ्या बाजूने धावत आला आणि सगळ्यांच्या देखत त्याने तिचा हात धरला. त्या क्षणी त्या मुलाबद्दल मला फार बरं वाटलं. रुपराव जागेवरून हलले नव्हते.

"उतरू नको वं पोरी," ते म्हणाले. "पानी पिऊ दे त्याले. आरे फुगतीन, मी बसवतो."

सुमतीने मागे वळून पाहिलं नाही. धोंडबाने नवरी पाहून शिव्या आवरल्या. त्याने आपली बैलगाडी आणली आणि फुटक्या डांगरांचं नाव काढलं नाही. बसमध्ये चढून त्या सगळ्या तोंडांसमोर बसायचं सुमतीच्या जिवावर आलं होतं. ती धोंडबाच्या गाडीत बसली, बाजूला विश्वनाथ, आणि मागे मी. अर्ध्या पाण्यातून मी एकदा ओरडून विचारलं, "भाऊजी, येता का?" रुपराव पाण्यात हात घालून आरे गोळा करत होते. त्यांनी ऐकलंच नाही.

आमच्या आधी बस पोचली होती आणि बसच्या आधी गोष्ट. मौद्यात दारोदारी लोक उभे. पोरं गाडीमागे "नदीतली नवरी" ओरडत पळत होती, आणि सुमती मान खाली घालून शालूतलं पाणी पिळत होती. यमुताई भली बाई. त्यांनी भाकरतुकडा ओवाळला, काही न विचारता सुनेला आत घेतलं, पाय पुसायला कोरडा पंचा दिला आणि अंगणात पाटावर बसवलं. भोवती बायकांचं कडं झालं. सुमतीचं तोंड दाराकडे, बायकांच्या पाठी दाराकडे. मी दाराशी उभा होतो.

"नाव घे वं," बायका म्हणाल्या.

सुमतीने नाव घेतलं. आवाज बारीक होता, पण कापला नाही.

"तुळशीपाशी लावीन सांजेचा दिवा,
प्रेमिलाबाईची लेक आली विश्वनाथरावांच्या गावा."

बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मायचं नाव घेतलं, अन् बापाचं वं? बाप कोठी आहे तुहा? गाडीतच बसला का अजून?" पुन्हा हशा झाला.

तेवढ्यात माझ्या बाजूला कोणी उभं राहिलं. रुपराव. कमरेपर्यंत भिजलेले, टोपी गेलेली, धोतराला वाळू, आणि खांद्यावर सुमतीची पत्र्याची पेटी. आमच्या घाईत ती गाडीत राहिली होती. तिच्यात तिच्या रोजच्या साड्या होत्या. भिजल्या शालूवर पोरीला नेसायला दुसरं काही नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नदीपासून ते पेटी उचलून चालत आले होते. सुमतीने मान वर केली आणि बायकांच्या डोक्यांवरून तिला ते दिसले. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाबा नाही आले," ती म्हणाली. "बाबा नदीवरूनच परत गेले."

मी वाट पाहिली. आता हा माणूस बोलणार. जन्मात बोलायची एक संधी त्याने सोडलेली नाही. आता पुढे होईल, बायकांना नमस्कार करेल, चाक तपासलेलं होतं ते सांगेल, आणि पोरीचं उरलंसुरलं मातीत घालेल. रुपरावांचं तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी ते मिटलं. पेटीची कडी वाजू नये म्हणून हाताने धरली, पेटी माझ्या हातात दिली आणि मागच्या पावलाने दाराबाहेर गेले.

अंगणाची भिंत बुटकी होती. बाहेरून उभा माणूस गेला तर आतून डोकं दिसावं एवढी. रुपराव भिंतीच्या कडेने वाकून, गुडघ्यात मान घालून, पार टोकापर्यंत गेले आणि नदीच्या वाटेला लागले. कोणाला दिसले नाहीत.

यमुताईंनी वळून विचारलं, "कोन होतं गा मनोहरराव?"

"कोनी नाही," मी म्हणालो.  आणि पेटी आत नेताना तिची कडी वाजू नये म्हणून मीही ती हाताने धरून ठेवली.